पंक्चरनंतरचे ऐंशी किलोमीटर

२८ एप्रिल, सकाळी ७.१०
जुनी, पण परदेशी गाडी काल सापगावात आली. टायर रन-फ्लॅट आहेत. पंक्चर झाला तरी टायर बसत नाही. ताशी ऐंशीच्या आत ऐंशी किलोमीटर चालतो. तसे पुस्तकात लिहिले आहे. दोनदा वाचले. म्हणूनच डिकीत स्टेपनी नाही. संकल्प: लग्नाच्या वर्दीचा, म्हणजे वरातीला गाडी भाड्याने द्यायचा धंदा. पहिली वर्दी ४ मे, हरेशचे लग्न, वैशाखरे, बेचाळीस किमी. नवरदेवाची गाडी माझी!

संध्याकाळी ६.००
नजर लागू नये म्हणून आईने घोड्याची नाल आणली. गाडीसमोरच्या खांबाला मी ठोकली. खिळे चार होते. तीन बसले, चौथा हातातून उडाला. शोधला. सापडला नाही.

२९ एप्रिल
मुरबाडला जाऊन आलो. ५६ किमी. निघाल्यावर थोड्याच वेळात समोर पिवळा दिवा लागला, टायरसारखे चित्र, आत उद्गारचिन्ह. विकणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, परदेशी गाडीत दिवे लागतातच. पटले. डोळ्याला टोचतो म्हणून वर गणपतीचा स्टिकर लावला. शोभतो.

३० एप्रिल
शेखरच्या पंक्चरच्या दुकानासमोर मुद्दाम थांबलो. सांगितले, यापुढे तुझी गरज नाही. म्हणाला, मंग आमी काय, भजी तळू? वर विचारतो, रबरच हाय ना रे, का लोखंड? संकल्प: त्याच्या दुकानाची पायरी चढायची नाही. कधीच.

२ मे
धसईला जाऊन आलो. ७० किमी. गाडी डावीकडे ओढते. रस्त्याला उतार असावा. येतानाही डावीकडेच. रस्ता चुकीचा बांधला आहे.

४ मे, सकाळी ९.१५
झेंडूच्या माळा घातल्या. वऱ्हाडात शेखर होताच. टायरला लाथ मारून म्हणाला, डावा पुढला मेलाय रे भगीरथ, हवाच नाय, दोन मिनटं थांब. चारचौघांत! हरेशचे वडील दामूकाका म्हणाले, बारा पस्तीसचा मुहूर्त हाय बाबा, पोरीचा बाप थांबनार नाय. मी शांतपणे सांगितले, काका, पंक्चर आत्ताच झाले समजा, इथून शून्य धरा. ऐंशीतून बेचाळीस गेले, तरी अडतीस उरतात. हिशोब आहे.

सकाळी ११.०५, टोकावडे
एकतिसाव्या किलोमीटरला मोठा आवाज. टायरच्या चिंध्या. मुंडावळ्या बांधलेला हरेश रस्त्यावर उभा. म्हणाला, भग्या, माझा लगीन हाय, तुझ्या टायरची परीक्षा नाय! तेवढ्यात भाजीवाल्या महिपतचा पिकअप बाजारातून रिकामे क्रेट घेऊन वैशाखऱ्याला परतत होता. नवरदेव क्रेटवर बसला. करवली पुढे बसली. दामूकाकांनी माझ्या गाडीच्या माळा सोडून पिकअपला बांधल्या. माळा न्यायची गरज नव्हती.

दुपारी ३.३०
लग्न वेळेत लागले. टॉवेल-टोपीचा मान महिपतला मिळाला. हे सगळे शेखरने सांगितले. तो जेवून, हत्यारे घेऊन आला. म्हणजे दुकान माझ्याकडे आले, मी पायरी चढलो नाही. संकल्प शाबूत.
टायरमधून खिळा निघाला. चौकोनी डोक्याचा. शेखर म्हणाला, हा रस्त्यावरचा नाय, नालेचा हाय. कुठं घावला तुला? मी म्हणालो, माहीत नाही.

५ मे, सकाळी
महिपतने दोर बांधून गाडी घरी आणली. आज वहीची मागची पाने चाळून बेरीज केली. ५६ + ७० + ३१ = १५७. कंपनी ऐंशी म्हणते! कंपन्या भित्र्या असतात. पुस्तकात ८० खोडून पेनाने १५७ लिहिले.

संध्याकाळी ६.००
आईने खिळा धुतला, हळदकुंकू लावले, खांबावरच्या नालेच्या चौथ्या भोकात ठोकायला लावला. म्हणाली, तरी सांगत होते, एक खिळा कमी, नजर लागनारच. आता बघ, कोन बघतो ते.
कोणी बघत नाही. गाडी विटांवर आहे.