श्रीधररावांची गाडी सुरू का होत नाही

शनिवार पेठ, पुणे
शनिवार, २० सप्टेंबर २०२५

चि. राजस यास आईचे अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघंही बरे आहोत. तूही बरा असावास, असं परवाच्या फोनवरून वाटलं. हाताशी फोन असताना आईला पत्राचा उमाळा कुठून आला, असं म्हणशील. पण आपल्याकडे फोन स्पीकरवर लावूनच बोलायचं, हा तुझ्या बाबांचा नियम तुला ठाऊक आहे. तळमजल्यावरची स्पृहा मंगळवारी चेन्नईला परत जाते आहे. तिच्याबरोबर भाजणी, मेतकूट आणि हे पत्र पाठवते आहे. भाजणीच्या डब्याचं झाकण सैल आहे, जपून उघड.

तुझं पार्सल मिळालं. डिझेल पंपाचा तो भाग बाबांनी बाहेरच्या खोलीत टीव्हीशेजारी मांडून ठेवलाय. आल्यागेल्याला दाखवतात. "मुलगा चेन्नईत गाड्यांच्या कंपनीत बसून नव्या गाड्यांचे चेहरे काढतो, पण स्टार्टर फिरतो आणि इंजिन पकडत नाही एवढं फोनवर ऐकून त्याने रोग ओळखला!" काल दूधवाल्यालासुद्धा सांगून झालं. बिचारा पिशव्या हातात धरून ऐकत उभा होता.

उद्या रविवार. उद्या मंडळी येऊन तो भाग बसवणार आहेत.

मंडळी म्हणजे फोनवर तुला मागून ज्यांचा कलकलाट ऐकू येतो ती. एक केदार, पलीकडच्या गल्लीतला. आणि दुसरे लोणी काळभोरचे बाबुराव, ज्यांचे दोन ट्रक आहेत. गॅरेजमध्ये आपापल्या गाड्यांची वाट बघता बघता या तिघांची ओळख झाली आणि आता दर रविवारी सकाळी आपल्या पार्किंगमध्ये बॉनेट उघडून सभा भरते. चहा अर्थातच माझा. केदारने नवी एसयूव्ही घेतली आहे. बाबा त्याला म्हणाले, "केदार, तुमच्या गाडीला कुणी कट मारला का हो? कायम चिडलेली दिसते." त्यावर केदार म्हणाला, "काका, तुमची हसतमुख आहे हे खरं. चालत नाही, तेवढं सोडा." बाबुरावांना दोन्ही पसंत नाहीत. "गाडी कशी पायजे, वाटेत बंद पडली तर पान्ह्यानं उघडता आली पायजे. इंजिनाला लॅपटॉप लावायचा म्हंजी काय!" असं त्यांचं दर आठवड्याचं म्हणणं.

केदारच्या त्या बोलण्यावर सगळे हसले, बाबा हसले नाहीत. आपल्या गाडीला एवढ्या वर्षांत कधी धक्का मारावा लागला नाही, हा त्यांचा केवढा अभिमान! आता कुणीही उठतो आणि त्यांच्यादेखत तिला नावं ठेवतो. कधी पंप, कधी फिल्टर, कधी बॅटरी. ते फडक्याने आरसा पुसत राहतात. वरून गॅलरीतून बघताना मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

कारण त्या गाडीत काहीही बिघाड नाही, राजस.

जूनमध्ये बाबा मंडईत जातो म्हणून गाडी घेऊन निघाले. मंडईत एवढी मोठी गाडी नेणारा माणूस शहाणा नसतोच, म्हणून मला वेगळा संशय आला नाही. दुपार उलटली तरी पत्ता नाही. मग बाबुरावांचा फोन. "वहिनी, श्रीधरराव हितं लोणीला हायत, माझ्यासंगं. रस पितायत. काय काळजी करू नका, मी घिऊन येतो." ते स्वतः गाडी चालवत घेऊन आले. बाबा शेजारी बसून होते. रसवंतीपाशी बाबांनी त्यांना विचारलं होतं, "बाबुराव, पुणं कुणीकडे सरकलं हो?" बाबुरावांना ती थट्टा वाटली. तेही हसले. मग बाबांनी पुन्हा विचारलं.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आहेत. गाडी चालवायची नाही, असं मला बाजूला घेऊन सांगितलं. पण बाबांना ते कुणी सांगायचं? मी किल्ली लपवून बघितली. दिवसभर घर उपसत होते आणि शेवटी म्हणाले, "सरोज, मला आताशा काही सापडत नाही गं." इतकं रडू आलं की ती किल्ली मीच फ्रिजवर 'सापडवून' दिली. तेव्हा केदार आणि बाबुरावांनी तोड काढली. माणसाला दोष देण्यापेक्षा गाडीला देऊ. बाबुरावांनी पंपावरची एक बारीक वायर काढून ठेवली. स्टार्टर फिरतो, इंजिन पकडत नाही. तेव्हापासून दर रविवारी मंडळी मन लावून दुरुस्ती करतात आणि गाडी सुरू होत नाही.

आणि तू, माझ्या हुशार बाळा, पार्सल पाठवलंस! ते उघडलं तेव्हा केदार आणि बाबुरावांची तोंडं बघण्यासारखी झाली होती. उद्या काय करायचं ते अजून ठरत नाही. बाबा हाक मारताहेत, पुढचं नंतर लिहिते.

सोमवार

आज घट बसले. काल काय झालं ते आधी सांगते.

बाबा स्टिअरिंगवर बसले होते, बॉनेट उघडं होतं. बाबुराव तुझा भाग हातात घेऊन उगाच उलटसुलट करत होते. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावर नवा भाडेकरू आलाय, सौमित्र म्हणून, तो डोकावला. त्याचीही एसयूव्ही आहे, मोठाले टायर लावून शिडीवर चढवल्यासारखी उंच केलेली. म्हणाला, "काका, काय सीन आहे?" आणि कुणी अडवायच्या आत, "अरे, ही वायर तर लूज आहे, बॉस!" म्हणून त्याने ती जोडूनसुद्धा टाकली. "काका, मारा स्टार्टर!"

एका फटक्यात सुरू झाली. मी चहाचा ट्रे घेऊन जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी होते. केदार खाली बघायला लागला. सौमित्र टाळ्या वाजवत होता, त्या पोराचा काय दोष? बाबा दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून आवाज ऐकत राहिले. त्यांचा चेहरा असा खुलला होता की वाटलं, आता निघतात हे, आणि मी काही यांना अडवू शकणार नाही.

मग त्यांनी इंजिन बंद केलं. किल्ली काढून बाबुरावांच्या हातात दिली आणि म्हणाले, "बाबुराव, वायर होती तशी काढून ठेवा. आणि आता हिला नावं ठेवणं पुरे करा. ही ठणठणीत आहे. बिघडलोय तो मी."

बाबुरावांनी त्यांचा हात धरला आणि किती तरी वेळ सोडला नाही. मग बाबाच मला म्हणाले, "अहो, चहा द्या त्यांना, गार होतोय." एरवी मला 'सरोज' म्हणतात, आज चारचौघांत 'अहो', जसं काही मीच पाहुणी होते.

वर आल्यावर मी विचारलं, "कधीपासून माहीत होतं तुम्हाला?" तर म्हणाले, "सरोज, पंपावरची वायर आपोआप निघत नाही आणि दर रविवारी दोघांच्याही नजरेतून सुटत नाही, एवढं अजून कळतं मला. तुम्ही सगळे एवढे खपत होता, म्हटलं खपू दे." आणि हसले. मी हसले नाही. त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले, इतक्या वर्षांत नव्हते रडले तशी.

तुला फोनवर सांगितलं नाही, कारण ते बोलून टाकलं की खरं होईल असं वाटायचं. आता ते त्यांनीच बोलून टाकलं. काल संध्याकाळी दिव्याजवळ बसून विचारत होते, "राजस यंदा कितवीत आहे?" मग माझ्याकडे बघितलं आणि स्वतःच कपाळावर हात मारून म्हणाले, "चेन्नईत आहे तो, चेन्नईत."

दिवाळीचं तिकीट काढलं आहेस, ठाऊक आहे मला. ते रद्द कर. दिवाळीपर्यंत थांबू नकोस. दार तेच उघडतात, तू आलास की तुझं नाव मला त्यांना सांगावं लागू नये, इतक्या लवकर ये.

तुझी,
आई