मलमलची पट्टी

गुरुवार, २२ जानेवारी

संस्थेने दिलेलं नवं घर, वारज्याचं. दर गुरुवारी दोन ते सहा, घरच्यांना तेवढी मोकळीक. दीडलाच त्यांच्या इमारतीखाली पोचले. लवकर वर गेलं तर बरं दिसत नाही म्हणून अर्धा तास खाली उभी. वॉचमनने दोनदा विचारलं, कुणाकडे.

पेशंट अण्णा. ऐंशीच्या पुढचे. कसब्यातले तांबट, सगळा जन्म तांब्याची भांडी ठोकण्यात गेला. आता स्वतःचं नावही आठवत नाही. करतात त्या त्यांच्या सूनबाई, शैलावहिनी. पन्नाशीच्या असतील. नवरा सकाळी सहाला चाकणला जातो तो आठ वाजता उगवतो. सहा वर्षं त्या एकट्याच.

अण्णांचा उजवा हात थांबत नाही. मूठ वळून कॉटच्या लोखंडी कठड्यावर ठोके. ठक, ठक, ठक. झोप लागेपर्यंत.

"घाबरू नकोस," वहिनी म्हणाल्या. "हातोडा काढून घेतलाय."

पेज किती पातळ, कूस कधी बदलायची, घोट अडकला तर काय करायचं, सगळं दाखवलं. मग दारात उभ्या राहून मलाच विचारतात, "जाऊ मी?"

साडेतीनला कचऱ्याची बादली बाहेर ठेवायला दार उघडलं, तर जिन्यात बसलेल्या. पायात चपला, मांडीवर पर्स.

"अहो वहिनी, गेला नाहीत?"

"गेले की. बारा पायऱ्या."

शुक्रवार, २३ जानेवारी

पान पाठवलं. प्रत्येक भेटीचं एक पान, फोटो काढून शुक्रवारी सहाच्या आत संस्थेच्या मॅडमना. शेवटचा प्रश्न नेहमीचाच. अंगावर नवी खूण वा जखम? हो / नाही. असल्यास कशामुळे, कोणामुळे. मुठीवर खपल्या होत्या, पण जुन्या, ठोक्यांच्या. वहिनींनी स्वतःच आधी दाखवल्या. "नाही" लिहिलं. तरी तीनदा वाचून पाहिलं.

"हो" लिहिलं की चौकशी होईपर्यंत त्या घरच्या भेटी बंद. नियम चांगलाच आहे.

मुलाखतीत मॅडमनी विचारलं होतं, हे काम शिकलात कुठे? म्हटलं, घरी. आजी तीन वर्षं अंथरुणावर होती, आई आणि मी करायचो. त्या म्हणाल्या, घरात शिकलेल्या मुली जास्त चांगल्या. मी मान हलवली. तेव्हाच सांगायला हवं होतं की

जाऊ दे.

गुरुवार, २९ जानेवारी

आज वहिनी खरोखर गेल्या. बसने थेट लक्ष्मी रोडपर्यंत.

अण्णांजवळ बसले. कठड्याला घडी घालून गोधडी बांधली, तर त्यांनी भिंत शोधली. हातात मोजा घातला, तर दाताने ओढून काढला. कठीण जागा बरोबर सापडते त्यांना. एका तासात एक खपली निघाली, रक्त आलं. मग मी मूठ दोन्ही हातांत धरून बसले. ताकद आहे अजून. माझा खांदा आत्ताही ठणकतोय.

डॉक्टरांनी गोळी दिली होती म्हणे मध्यंतरी. हात थांबला, पण गिळणंही थांबलं. बंद केली.

एक पाहिलं. उजवा हात ठोकतो तेव्हा डावा स्वस्थ नसतो. दर ठोक्यानंतर चादर जराशी फिरवतो. भांडं असंच फिरवतात, म्हणजे ठोका प्रत्येक वेळी नव्या जागी पडतो. लहानपणी आमच्या गल्लीपर्यंत तो आवाज यायचा. मी त्या आवाजात दुपारची झोपायचे.

वहिनी सहाला दहा कमी असताना हजर. पिशवीत पांढरं मलमल, दोनेक मीटर.

"बाळंतविडा करताय का कुणाचा?"

"हो. घरातल्याच बाळाचा."

हसल्या. मीही हसले. चार तास मिळाले तर ही बाई कापड आणायला जाते. स्वतःसाठी एक चहासुद्धा प्यायली नव्हती, विचारलं मी.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

लिहायला नको वाटतंय. लिहिते.

अण्णांना पुसताना उजव्या मनगटावर खूण दिसली. दोन बोटं रुंद, सगळीकडून सारखी, लालसर. खरचटलेली नाही, दाबलेली. पडलं-आपटलं तर अशी होत नाही. अशी कशाने होते ते मला माहीत आहे.

चादर बदलताना गादीखाली हात गेला. पट्टी. जुन्या साडीची, कडेने नीट शिवलेली. आतल्या बाजूला मलमल, त्यात कापूस भरलेला. टाके इतके बारीक आणि सारखे. एकही दोरा वर आलेला नाही, त्यांना टोचू नये म्हणून.

ते कापड यासाठी होतं.

पट्टी जागच्या जागी ठेवली. वहिनी आल्या, मी म्हटलं, सगळं ठीक. आवाज माझाच, पण वर्गात खोटं बोलल्यासारखा. त्या चेहऱ्याने जरा बऱ्या दिसत होत्या. खालच्या बागेत बाकावर झोप लागली म्हणाल्या, एका आजोबांनी उठवलं, "तब्येत बरी आहे ना?" म्हणून.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

"नाही" लिहून पाठवलं. पाच अठ्ठावन्नला.

"हो" लिहिलं असतं तर पुढचा गुरुवार नाही. त्याच्या पुढचाही नाही. वहिनी परत त्या खोलीत सातही दिवस, आणि पट्टी जास्त वेळ लागणार. हे खरं आहे. अण्णा सांगू शकत नाहीत, त्यांच्या वतीने सांगायचं म्हणूनच तो प्रश्न छापलाय. हेही खरं आहे.

आणि तिसरं. आजी नाकातली नळी उपसायची. बारावीची पूर्वपरीक्षा होती. मी माझ्या ओढणीने तिचा हात कॉटला बांधला आणि पुस्तक घेऊन बसले. एकदा नाही, पाच-सहा दिवस. आत कापूसबिपूस काही नाही, नुसती ओढणी. आई कामावरून यायच्या आधी सोडायचे. तीन आठवड्यांनी आजी गेली. नळीमुळे नाही, ओढणीमुळे नाही, वयाने. सगळे असंच म्हणाले.

घरात शिकलेली मुलगी.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

मी बांधलं.

कसं झालं ते लिहून ठेवते, नंतर मला ते बरं करून आठवेल. साडेतीन वाजले होते. दीड तास मूठ धरून बसले होते. पेज गरम करायची होती. हात सोडला की ठोके सुरू, आणि आज मधल्या बोटाचं सालटं निघून आत गुलाबी दिसत होतं. पाच मिनिटांचा प्रश्न होता. गादीखाली हात घातला. पट्टी काढली, मनगटाभोवती घेतली, कठड्याला गाठ मारली. विचार केला नाही. हातांना येत होतं.

अण्णा ओरडले नाहीत. हात दोनदा ओढून पाहिला आणि मग पट्टीकडे बघत राहिले, एखादं भांडं कुणीतरी बिघडवून ठेवल्यासारखे.

पेज उतू गेली, शेगडी पुसली, परत गरम केली. पाच मिनिटं नव्हती. वीस. आत आले तर वहिनी कॉटजवळ उभ्या. आज त्या पावणेचारलाच परतल्या होत्या, छत्री विसरली म्हणून. फेब्रुवारीत छत्री! उन्हाची म्हणे.

त्यांनी गाठ सोडली. खोबरेल तेल आणून मनगटाला लावलं, सावकाश, गोल गोल. छत्री न घेताच पुन्हा बाहेर गेल्या, बरोबर सहाला दहा कमी असताना आल्या. निघताना मी चपला घालत होते तेव्हा मागून म्हणाल्या,

"ही पट्टी धुवायला टाकते. दुसरी कपाटात आहे, खालून दुसऱ्या कप्प्यात."

मी वळून पाहिलं नाही.

"आणि गाठ उजवीकडे मारलीस. मी डावीकडे मारते. त्यांना डाव्या हाताने सुटते ती, जमलं तर. बरं असतं तेवढं."

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

तो प्रश्न कोरा सोडून पान पाठवलं. संध्याकाळी मॅडमचा फोन.

"तृप्ती, शेवटचं राहिलंय तुझं."

"हो मॅडम. राहिलं."

"तुझं कधी काही राहत नाही गं. बरी आहेस ना?"

भरून पाठवते म्हटलं. म्हणाल्या, चालेल, पुढच्या पानाबरोबर पाठव. विश्वास टाकतात माझ्यावर.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

शिवजयंतीची सुट्टी. वहिनींचे यजमान घरी. वहिनी कुठे गेल्याच नाहीत, आतल्या खोलीत दार लावून दोन ते सहा झोपल्या. मेल्यासारख्या. मधे जाऊन श्वास पाहून आले मी.

खालून मिरवणूक गेली, ढोल-ताशे. अण्णांचा हात जोरात सुरू. ढोल गेले, हात सुरूच. वहिनींचे यजमान खुर्ची घेऊन शेजारी बसले, कौतुकाने म्हणाले, "बघा, ताल कसा धरतात!" दहा मिनिटांनी मोबाइल काढला. वीस मिनिटांनी म्हणाले, "हे असं सारखंच चालतं का हो?"

"सारखंच."

"शैला कधी बोलली नाही."

चाळिसाव्या मिनिटाला उठले. "थांबवता नाही येत का हे काहीतरी करून?" असं म्हणून गॅलरीत गेले, ते सहापर्यंत आत आले नाहीत.

काहीतरी करून. मी त्यांच्या पाठीकडे बघत बसले.

वहिनी उठल्यावर स्वयंपाकघरात गाठलं. म्हटलं, वहिनी, मला ते लिहावं लागेल. माझं मी लिहीन, पण तुमचंही त्यात येणार. पाच तारखेच्या पानावर मी खोटं लिहिलंय.

त्या पातेल्यात डाव फिरवत राहिल्या. "लिही ना. मी कुठे नको म्हटलं? येऊ दे त्यांना चौकशीला. चार तास बसा म्हणावं. खुर्ची देते."

मग गॅस बारीक केला. "लग्न होऊन आले तेव्हा अण्णांसमोर मी मोठ्याने बोलत नव्हते. पदर नीट आहे की नाही तेवढंच बघायचे. आज त्यांचं सगळं मी करते. त्यांना बांधताना मी काय म्हणते माहितीय? 'माफ करा हं.' रोज. कंटाळा आला असेल त्यांना ऐकून."

मला रडू आलं. त्यांना नाही आलं.

"इथे रडू नकोस. मीठ जास्त होईल आमटीत."

शुक्रवार, २० फेब्रुवारी

पान पाठवलं नाही. मॅडमना ताप आलाय म्हणून कळवलं. आणखी एक खोटं. एकामागून एक ओवली जातायत.

आईला सांगितलं. अण्णांचं आधी, मग आजीचं. सात वर्षं गिळून ठेवलेलं, भाजी निवडताना सांगितलं. तिने मान वर केली नाही.

"आजीच्या हाताला तेल कोण लावत होतं?"

"तू."

"मग? मला दिसलं नाही असं वाटलं तुला?"

मी विचारलं, बोलली का नाहीस? मारायचं होतंस मला.

"बोलले असते, तर दुसऱ्या दिवशी तू बसली असतीस का तिच्याजवळ? आणि तू नाही तर कोण होतं?" मेथीच्या काड्या तिने मुठीत गोळा केल्या. "मी चूक केली. मला माहीत होतं चूक आहे ते. सकाळी डबा घेऊन कामावर गेले."

सात वर्षं मला वाटत होतं, हे माझ्या एकटीचं आहे.

बुधवार, २५ फेब्रुवारी

पान भरलं. तीन कागद खराब झाले. अखेरचं असं:

नवी खूण? हो. १२ फेब्रुवारी, उजवं मनगट, पट्टीने. कोणामुळे? तृप्ती, म्हणजे मी. सुमारे वीस मिनिटं. ५ फेब्रुवारीला अशीच खूण होती, तेव्हा मी "नाही" लिहिलं, ते खरं नव्हतं. ती खूण कोणामुळे...

इथे थांबले. घरात दुसरं कोण असतं हे मॅडमना माहीत आहे. मी नाव लिहिलं काय आणि नाही काय. शेवटी लिहिलं: "या घराला चार तास पुरत नाहीत. भेटी बंद करू नयेत, वाढवाव्यात. माझ्या जागी दुसरं कुणी पाठवलं तरी चालेल." त्यासाठी पानावर जागा नव्हती. समासात लिहिलं.

न सांगता पाठवायचं नाही. आधी वहिनींना वाचून दाखवणार.

गुरुवार, २६ फेब्रुवारी

वाचून दाखवणं जमलं नाही. कागद हातात दिला. त्यांनी चष्मा शोधला, सापडला नाही. डोक्यावरच होता. कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली.

"बाहेर नेऊन वाचते. इथे मन लागत नाही."

"वहिनी, उद्या सहापर्यंत पाठवायचंय मला."

"मग अजून वेळ आहे की."

चपला घातल्या. या वेळी "जाऊ मी?" विचारलं नाही. लिफ्टचा आवाज आला.

हे तिथूनच लिहितेय, अण्णांजवळ बसून, डाव्या हाताने. अक्षर वेडंवाकडं आहे. उजवा तळवा कठड्यावर, अण्णांच्या मुठीखाली. तळव्यावर घेतला ठोका तर त्यांचं सालटं निघत नाही. दुखतं, पण कळ येण्याइतकं नाही. मघाशी त्यांनी डाव्या हाताने माझा तळवा जरासा फिरवला. पुन्हा ठोका. पुन्हा जरासा फिरवला. आजवर कुणी माझा हात इतकं लक्ष देऊन पाहिला नसेल.

साडेपाचला मूत गळालं. बदलायला दोन्ही हात लागतात. जमेल तसं बदललं, त्यात पाच-सहा ठोके लोखंडावर बसलेच. बोटाला परत रक्त.

सहाला दहा कमी. त्या याच वेळेला येतात.

सहा.

सहा वाजून वीस मिनिटं. लिफ्ट दोनदा वाजली, दोन्ही वेळा वरच्या मजल्यावर गेली. फोन लावला, तो इथेच स्वयंपाकघरात ओट्यावर वाजला. पेजेची वेळ झालीय. अण्णांना भूक लागली की ठोके जलद होतात.

माझा तळवा बधिर झालाय. कपाट समोरच आहे. खालून दुसरा कप्पा.