सौंसरच्या बाजारातलं अस्वल

आई, आज मला तुझा राग आला आहे, आणि तू जाऊन इतकी वर्षं झाल्यावर तो काढू तरी कोणावर? लेकीसोबत मी व्हिएतनामला आले आहे. सकाळी तिनं मला एका अस्वलांच्या आश्रमात नेलं. छळातून सोडवलेली अस्वलं तिथं झाडांत मोकळी राहतात, माणसानं लांबूनच पाहायचं. एक मात्र अजून पिंजऱ्यातच असल्यासारखं जागच्या जागी डुलत होतं. आता आम्ही इथल्या रात्रबाजारात आहोत. ती भाव करून राहिली आहे, मी बाकावर बसून लिहिते आहे, आणि डोळ्यांपुढे आपला सौंसरचा बाजार उभा आहे.

गावात नुकताच टीव्ही आला होता, मी दुसरीत होते. विहिरीत पडले, लोकांनी वर काढलं, पण तेव्हापासून माझी वाचाच गेली. नागपूरचा डॉक्टर झाला, अंगारे झाले. बाबा शाळामास्तर, त्यांनी तुला बजावलं होतं, "आता हे बंद." तरी ते पांढुर्ण्याला गेल्याचं पाहून तू मला बाजारात ओढत नेलंस. अस्वलाच्या पाठीवर बसवलं की लेकराची भीती उतरते, हे आपल्याकडे कोण मानत नव्हतं!

गॅसबत्तीखाली ते उभं आहे, नाकातून दोर, तोंडाला मुसकं. मी तुझ्या पातळाला घट्ट धरून. "बस वं माय," तू म्हणतेस, "तुह्या पाया पडतो." आणि उचलून बसवतेसच. त्याचे केस राठ, अंग थरथरून राहिलेलं. ते हलेना. अस्वलवाल्यानं दोर हिसकला, काठी हाणली. ते लेकरासारखं कळवळलं, अन् माझ्या तोंडून निघालं, "मारू नोको त्याले!"

तू मातीत बसलीस. "बोलली वं बाई, माही पोर बोलली!" अख्ख्या बाजाराला सांगत सुटलीस. अस्वलाच्या पायांवर डोकं टेकलंस. त्याच्या नाकातून रक्त येत होतं, ते तुला दिसलंच नाही. रात्री बाबा परतले, सगळं कळताच तुझ्यावर तणतणले, मी "बाबा" म्हटलं, आणि ते मटकन खाली बसले.

आज आश्रमात लेकीनं विचारलं, "अस्वलांचे असे हाल करणारी माणसं कसली असतील गं?" मी म्हटलं, "निर्दयी, दुसरं काय!" तिला तुझी गोष्ट सांगितली नाही. ती येते आहे, हा कागद पर्समध्ये कोंबते. पण आई, ती मुकी झाली असती तर मीही तिला बसवलं असतं. रक्त दिसत असतानाही बसवलं असतं.