माळ्यावरचा पंधरा इंची स्पीकर

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा स्पीकर दुरुस्ती, राहणार दुकानाच्या वरच्या दोन खोल्या, आज हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. बाजारात मला सगळे स्पीकरवाला म्हणतात आणि खरं नाव आता दाखल्यावरच उरलं आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही, कोणी फूस लावलेली नाही. मन ठिकाणावर आहे. हात थोडा कापतो. कानांचं काय ते सहाव्या कलमात येईल, तोवर दम धरावा.

वकील म्हणाले होते, "काका, छापील नमुना आहे, रकाने भरा आणि सही करा, झालं." मी नमुना घरी आणला आणि त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर हे लिहितो आहे. पुढच्या बाजूला माझ्या कामाचा रकाना सापडला नाही.

मी गेल्यावर आठ दिवसांच्या आत माझ्या पुतणीने हा लिफाफा उघडावा आणि तिच्या वडिलांसमोर, म्हणजे माझ्या धाकट्या भावासमोर, मोठ्याने वाचावा. एकही कलम गाळू नये. तो मध्येच "पुरे आता" म्हणून उठला तर दाराला कडी लावावी. त्याला उठून जायची सवय आहे.

कलम १. दुकान व वरच्या दोन खोल्या, माझी स्वकष्टार्जित मिळकत, पुतणीला मिळावी. बायको जाऊन नऊ वर्षं झाली, मूलबाळ नाही, त्यामुळे दुसरा वारस उभा राहण्याची भीती नाही. पोरी, जिन्याची चौथी पायरी हलते, सांभाळून. विकायचं असेल तर खुशाल वीक, फक्त समोरच्या दुकानदाराला विकू नकोस. त्याने आयुष्यभर पत्र्यासारखे स्पीकर विकले आणि ते फाटले की गिऱ्हाईक माझ्याकडे पाठवलं. वर पुन्हा सांगायचा, "म्हाताऱ्याला जरा काम मिळतं."

कलम २. बँकेत जे शिल्लक असेल ते माझ्या भावजयीला मिळावे. माझी बायको गेल्यापासून ती रोज एका माणसाचं जास्त शिजवते आणि पुतणीच्या हाती डबा पाठवते. एकदाही जड झाल्याचं तिने दाखवलं नाही. हे पैसे तिने नवऱ्याला न विचारता खर्च करावेत.

कलम ३. कॉइल गुंडाळायचं हातमशीन, मीटर, डिंकाचे डबे आणि कोनांचे, म्हणजे स्पीकरच्या कागदी पडद्यांचे, गठ्ठे तंत्रशाळेला द्यावेत. ते घेणार नाहीत. फाटलेला स्पीकर आता कोणी शिवत नाही, नवा आणतात. मग भंगारवाल्याला द्यावं आणि विषय संपवावा.

कलम ४. शेजारचा चष्मेवाला माझा एकुलता एक मित्र. त्याला माझी आरामखुर्ची द्यायची होती, तिच्यावर त्याचा बारा वर्षं डोळा आहे. पण वकील म्हणतात, साक्षीदाराला काही दिलं तर ते बाद होऊ शकतं. तो तर साक्षीदार व्हायला उड्या मारत आला. आता बसावं स्टुलावर.

कलम ५. हॉटेलच्या हॉलमध्ये संध्याकाळचा वाद्यवृंद चालवणारे बँडमास्तर हयात असतील तर त्यांच्या घरी पुतणीने स्वतः जावे. सदर गृहस्थांशी मी अठरा वर्षं बोललेलो नाही. रस्त्यात दिसले की मी पलीकडच्या फुटपाथवर जातो. भर बाजारात, चार लोकांदेखत, मी त्यांना "बहिरा" म्हटलं होतं. पुतणीने त्यांना सांगावं, की काकांनी शब्द मागे घेतला आहे, तुम्हाला नीट ऐकू येत होतं.

कलम ६. माझ्या झोपायच्या खोलीच्या माळ्यावर, जुन्या चादरीत गुंडाळलेला, एक पंधरा इंची स्पीकर आहे. तो माझ्या धाकट्या भावाचा आहे, त्याला परत मिळावा.

धाकट्या, तो जळालेला नव्हता.

आता सगळं सांगतो, कारण पुतणीला यातलं काही माहीत नाही. तिचा बाप पेडल स्टील गिटार वाजवायचा. ही गिटार मांडीवर घेत नाहीत. ती चार पायांवर टेबलासारखी आडवी असते आणि वाजवणारा मागे खुर्चीवर बसतो. डाव्या हातात लोखंडी कांडी, ती तारांवरून सरकवायची. उजव्या बोटांत नख्या. डाव्या पायाखाली आणि गुडघ्यांशी तारा ताणायच्या पट्ट्या आणि उजव्या पायाखाली आवाजाचं पेडल. सूर छेडला की तो विझायला लागतो. तो विझेल तसं पेडल हळूहळू दाबत जायचं, म्हणजे ऐकणाऱ्याला तो विझतोय हे कळतच नाही. आमची आई बघून म्हणायची, "बसल्या जागी ट्रक हाकतोय मेला." पण ऐकत उभी राहायची.

जहाजावरून उतरलेल्या एका वादकाकडून त्याने ते वाद्य घेतलं. शहरात दुसरं नव्हतं. त्याच्या अ‍ॅम्प्लिफायरला स्पीकर कुठला बसवायचा हे कोणाला विचारणार? आम्ही दोघांनी महिनाभर दुकानात बसून एकेक लावून पाहिला. साध्या गिटारचा स्पीकर थोडा चरचरला तर लोकांना उलट आवडतं. इथे ते चालत नाही, इथे एक सूर दुसऱ्यात घसरत जातो आणि जरा चरचर झाली की सगळी घाण होते. ताकद भरपूर शिल्लक हवी, कारण विझता सूर पेडलने वर ओढताना ती ऐन वेळी लागते. बारा इंची हलका, आवाज चटकन फेकतो, पण वरच्या तारांना धार आणतो. शेवटी जड मॅग्नेटचा पंधरा इंची लावला. वरची धार गेली, खालच्या तारांना बूड आलं. धाकट्याने एकच लांब सूर ओढला आणि कांडी खाली ठेवली. म्हणाला, "दादा, हाच. आता दुसरा दाखवू नकोस." माझे कान तेव्हा खरे होते. ती निवड माझी होती आणि ती बरोबर होती, एवढं कोणीही लिहून ठेवावं.

त्या स्पीकरवर त्याने बँडमास्तरांच्या वाद्यवृंदात वीस वर्षं वाजवलं. मग, मी बावन्न वर्षांचा असताना, मला तो आवाज दबलेला वाटायला लागला, गोधडीखालून आल्यासारखा. मी म्हटलं, कोन म्हातारा झाला. धाकटा म्हणाला, "छे, मस्त वाजतोय. त्याला हात लावू नकोस." मी हात लावला. साफसफाईला म्हणून अ‍ॅम्प्लिफायर दुकानात ठेवून घेतला, पंधरा इंची काढला आणि त्याला सांगितलं की कॉइल जळाली, वाचत नाही. मीटर साडेसहा ओहम दाखवत होता, म्हणजे कॉइल शाबूत. कोन दोन अंगठ्यांनी दाबला तर लोण्यासारखा आत गेला, कुठे घासलाही नाही. स्पीकर ठणठणीत होता. मी खोटं बोललो, कारण माझं त्याच्यापेक्षा जास्त कळतं असं मला वाटत होतं.

त्याच्या जागी बारा इंची जोडी बसवली, मधोमध चकचकीत पत्र्याची टोपी असलेली. वाहवा! मला एकेक तार मोकळी ऐकू आली. धाकटा स्पीकरच्या बाजूला, खुर्चीत खाली बसायचा. धार सरळ समोर जायची, ऐकणाऱ्यांच्या कानांत, त्याच्या नाही. महिन्याभरात बँडमास्तर म्हणाले, कानात सुई टोचल्यासारखं होतं. धाकटा धावत माझ्याकडे आला.

"दादा, कर्कश येतंय का रे? खरं सांग."

मी समोर स्टूल टाकून बसलो. डोळे मिटून, मान डोलवत ऐकलं. सगळा बाजार माझ्या कानाला मानायचा, आणि हा तर माझा भाऊ.

"स्पीकर एकदम बरोबर आहे," मी म्हटलं. "तुझ्या हातात बघ."

त्याने हातात बघितलं. नख्या बदलल्या, तारा बदलल्या, कांडी बदलली. बोटं सुजेपर्यंत मेहनत केली. भावजय सांगायची, जेवताना घास धरायचा तर हात थरथरतो. दीड वर्षाने बँडमास्तरांनी त्याला काढलं, तेव्हा मी बाजारात जाऊन तो तमाशा केला. धाकट्याने मला हाताला धरून घरी आणलं. "जाऊ दे दादा, त्यांची चूक नाही. माझा हातच बिघडला." पुढच्या आठवड्यात गिटार विकली आणि गोदामाच्या फाटकावर नोकरी धरली. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायचे. त्याच हाताने.

मी अठ्ठावन्न वर्षांचा असताना बायको मला जबरदस्तीने कान तपासायला घेऊन गेली. शिट्टी वाजून वाजून कुकर करपला तरी मी पेपर वाचत बसलो होतो. तपासणाऱ्या बाईंनी कानांवर यंत्र चढवलं आणि आवाज आला की बटण दाबा म्हणाल्या. मी बराच वेळ थांबलो. शेवटी म्हटलं, "बाई, यंत्र चालू करा की."

"काका," त्या म्हणाल्या, "अर्धी तपासणी झाली."

त्यांनी कागदावर रेघ दाखवली. वरचे सूर जिथे असतात तिथे ती दरीत पडावी तशी खाली गेली होती. "हे दहा-एक वर्षांपासूनचं असणार," म्हणाल्या. तीस वर्षं वीतभर अंतरावरून स्पीकर तपासले की असं होतं. मला त्या खुर्चीतच सगळं कळलं. बायकोला वाटलं, बहिरेपणाचं ऐकून रडतोय.

मग सांगितलं का नाही? गिटार विकली गेली होती. बोटं आखडली होती. सांगून काय उपयोग, असं मी रोज म्हणत आलो, आणि असं रोज म्हणता येतं. खरं कारण हे की तो मला अजून दादा म्हणतो आणि म्हणताना थोडा वाकतो. ते मला सोडवेना. मोठा मी, छातीत दोनदा कळ येऊन गेली ती मला, त्याची प्रकृती दगडासारखी. आधी मी जाणार. तेव्हा मी गेल्यावर त्याला कळावं, आणि समोर माझं तोंड नसावं.

तुझा हात बिघडला नव्हता. मी बहिरा होतो. एवढं वाचून झालं की पुतणीने दाराची कडी काढावी.

कलम ७. ती बारा इंची जोडी दुकानात टेबलाखाली आहे. कोन फाडून टाकावेत. कोणाला देऊ नयेत.

सही: स्पीकरवाला
ठिकाण: दुकान, गिऱ्हाइकाच्या बाकावर
दिनांक: ९ फेब्रुवारी २०१८
साक्षीदार: १. चष्मेवाला, शेजारचे दुकान. २. कान तपासणाऱ्या बाई, आता निवृत्त.

पुरवणी

वरील मृत्युपत्रात मी, मन ठिकाणावर असताना, खालील बदल करतो.

माझा धाकटा भाऊ गेल्या महिन्याच्या अठरा तारखेला वारला. दगडासारखी प्रकृती म्हणून मी ज्याच्या भरवशावर होतो, त्याला फाटकावर चक्कर आली आणि पाच दिवसांत खेळ आटोपला.

तिसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेलो. भेटायची वेळ चार ते पाच. पुतणी उशाशी होती. मी ठरवून गेलो होतो, वाक्यसुद्धा पाठ केलं होतं. मी तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, "दादा, तू माझ्यासाठी किती स्पीकर बदललेस. माझाच हात वाईट होता रे. तू मनाला लावून घेऊ नकोस."

वरचे सूर गेले तरी जवळचं बोलणं मला कळतं; शब्द न् शब्द ऐकू आला. आणि मी कानामागे हात धरून म्हटलं, "काय? ऐकू येत नाही. मोठ्याने बोल."

त्याने दम खाल्ला आणि तेच पुन्हा, मोठ्याने सांगितलं. आजूबाजूच्या खाटांवरच्यांनी माना वळवून ऐकलं. पुतणीनेही ऐकलं. मी मान हलवली आणि त्याचं पांघरूण नीट केलं. पाच वाजले.

सबब, भावासमोर वाचून दाखवण्याची सूचना रद्द समजावी. कडी लावण्याची गरज नाही. कलम सहामधील स्पीकर पुतणीला मिळावा. तिला तो वाजवता येणार नाही आणि शहरात त्यावर वाजवणारं आता कोणी नाही. तरी ठेवावा.

चष्मेवाला म्हणतो, पुरवणी कशाला, पुतणी रोज दुपारी डबा घेऊन येते, जे असेल ते तिला तोंडाने सांग. बरोबर आहे. आजही ती आली होती. माझ्यासमोर स्टुलावर बसली आणि म्हणाली, "काका, बाबा खरंच इतके वाईट वाजवायचे का हो?"

मी कानामागे हात धरला.

सही: स्पीकरवाला
ठिकाण: तेच
दिनांक: ३० सप्टेंबर २०१८
साक्षीदार: वरीलप्रमाणे दोघेच. दोघांनी माझ्या समोर व एकमेकांसमोर सही केली. मजकूर कोणालाही वाचून दाखवलेला नाही.