छत्तीसच्या वेगाला एकशे चौसष्ट

तीर्थरूप किसनराव भाऊजींना अकोल्याहून चंद्रभानचा साष्टांग नमस्कार.

गोदाताईचा गुडघा कसा आहे, तुमची साखर उतरली का, आणि ताईची पाठ वळली की चहात चमचा जातोच का, हे खरंखरं कळवा. इकडे आम्ही सारे ठीक. तुमची लेक प्रणालीही माझ्याकडे ठीक आहे, म्हणजे जेवते, कॉलेजला जाते. फक्त दर्यापूरच्या त्या कार्यक्रमापासून पवनचक्कीचं नाव काढत नव्हती. मी निवडणुकीला उभा राहिल्याचं तुमच्या कानावर आलं असेल. ते खोटं आहे. ते कसं पसरलं, ते सांगायलाच हे पत्र.

त्या कार्यक्रमात चूक कुणाची, ते आधी लिहून टाकतो. माझी. (हे वाक्य ताईला दोनदा वाचून दाखवा, बहिणीला माझ्याकडून असं वाक्य चाळीस वर्षांत मिळालेलं नाही.) पोरीने वर्षभर खपून, हाताने पाती तासून चार फुटांचा पंखा उभा केला. ताशी छत्तीस किलोमीटरचा वारा असेल तर दीडशेच्या वर वॅट वीज मिळावी असा माझा हिशेब आहे, असं तिने मला बजावून सांगितलं होतं. मी व्यासपीठावर चढलो, त्यातलं ‘असेल तर’ गाळलं, ‘हिशेब’ गाळला आणि दीडशेचे दोनशे केले. मग चाळीस मिनिटं सूर्य, वारा, स्वावलंबन आणि गुलामीची मनोवृत्ती यांवर बोललो. (भाषण चांगलं झालं, हे तुम्हीही नाकारणार नाही.) वारा पडलेला, माझ्या पाठीमागे पंखा ढिम्म. मीटरवर शून्य. आणि पहिल्या रांगेतून तुम्ही म्हणालात, “चंद्रभान, हवा तं तुह्या तोंडातूनच येऊन राहिली, पंखा तिकडं फिरव ना बापा!” चारशे माणसं हसली. मला हसली असती तर मी पचवलं असतं, सभा उधळलेल्याही मी पचवल्या आहेत. पण पंख्याजवळ प्रणाली उभी होती. येत्या सोमवारी कॉलेजात चाचणीचा तक्ता द्यायचा, आणि ही पोरगी कोरा तक्ता घेऊन बसलेली.

मीच तिच्या मागे लागलो. शेवटी ती म्हणाली की वारा पडलेला असताना पंखा गाडीच्या टपावर बसवून गाडी छत्तीसने पळवली, तर पंख्याला छत्तीसचाच वारा लागतो. एवढी क्रांतिकारक गोष्ट इतक्या हळू आवाजात सांगणारं माणूस मी पाहिलेलं नाही. मी लगेच एक जीप मिळवली (कुणाची, हे आत्ता महत्त्वाचं नाही) आणि गुरुवारी पहाटे आम्ही दर्यापूर रस्त्याच्या सिमेंटच्या सरळ तुकड्यावर पोचलो. चालकाने काटा छत्तीसवर धरायचा, प्रणालीने व्होल्ट लिहायचे, मी अँपिअर वाचायचे. दोन्हींचा गुणाकार म्हणजे वॅट.

आता चालक म्हणजे सवारीवाला. रस्त्यात हात दिसला की त्याचा पाय आपोआप ब्रेकवर जातो. आणि पुढच्या सीटवर मी दिसलो की माणसं हात करतातच, तीस वर्षांची व्याख्यानं आहेत. दोन किलोमीटरमध्ये नऊ वेळा थांबलो. फाट्यावर पुंजाराम पाटलांनी टपाकडे पाहून विचारलं, “पंखा निशाणी भेटली काय सर?” मी निवडणुकांच्या बाजाराविषयी चार शब्द सांगायला खाली उतरलो. माझं सांगून होईपर्यंत त्यांनी कौतुकाने झेंडूचा हार पंख्यालाच घातला होता. पुढे गाडी पळाली, हार पात्यांत गुंतला आणि अर्धा किलोमीटर आमच्यावर पाकळ्या पडत राहिल्या. अफवेचं मूळ ते.

हार सोडवून पुन्हा पळवली. मी ओरडलो, “सोळा!” प्रणालीने वाकून मीटर पाहिलं. तेरा पॉइंट सात होतं. मी म्हटलं, सोळाच्या आसपासच आहे. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि भाऊजी, माझ्या हयातीत कुठल्याही सभाध्यक्षाला जे जमलं नाही ते तिने केलं. म्हणाली, “मामा, आता तुमी मांगं बसा अन् काईच बोलू नका.”

मी बसलो. चार किलोमीटर जाताना, चार येताना. वर पंखा असा गरगरत होता की टप थरथरे, त्याच्या विजेवर जोडलेले हेडलाइटचे दिवे डोळ्यांनी बघवत नव्हते, आणि माझ्या घशात एक संपूर्ण भाषण येऊन अडकलेलं. बोललो नाही. बारा व्होल्ट, तेरा पॉइंट सात. एकशे चौसष्ट वॅट. पोरीचा हिशेब बरोबर होता. माझाच चुकला होता. तिने आकडा लिहिला, आणि तो बरोबर आहे का ते पाहायला पुन्हा गुणाकार केला. रडली तेव्हाही पेन्सिल सोडली नाही.

ताईला नमस्कार.
तुमचा,
चंद्रभान

ता. क. जीप तुमची होती. गुरुवारी ती ‘गॅरेजात’ होती, ते हे गॅरेज. टपाला चार भोकं आहेत, ती पंख्याच्या बोल्टांची. गाडी चालवणाऱ्या कुंदनला रागावू नका. त्या दिवशी त्याने शेवटी शेवटी हात करणाऱ्या सवाऱ्या सोडल्या, हा त्याच्या आयुष्यातला मोठा त्याग आहे.

पुन्हा ता. क. मी निवडणूक लढवणार नाही. (तरी तुमच्याकडे कोण कोण विचारायला येतं, ती नावं लक्षात ठेवा.)

शेवटचा ता. क. तक्त्यावर साक्षीदाराची सही लागते. मी पेन उघडलं होतं. प्रणाली म्हणाली, “मामा, तुमच्या सहीवर कोन इश्वास ठेवन? बाबाची पायजे. ते कोनालेच उगाच चांगलं म्हनत नाई.” तेव्हा रविवारी पहाटे जीप घेऊन या. पुढे बसा, मीटर स्वतः वाचा, दिसेल तोच आकडा लिहा. मी फाट्यावर उतरून थांबेन. आणि आकडा पाहून काही बोलावंसं वाटलं, तर दर्यापूरच्या कार्यक्रमात बोललात तेवढ्याच मोठ्याने बोला. टपावर पंखा फार आवाज करतो, तिला ऐकू गेलं पाहिजे.