कापलेला नमस्कार

दहिसर, मंगळवार, संध्याकाळ

आज भर सभेत माझा नमस्कार कापला गेला. जुन्या फॉन्टमधली माझी संस्कृत टिपणं नव्या संगणकावर नीट का दिसत नाहीत, एवढंच इंटरनेटवरच्या संगणकतज्ज्ञांच्या मंचावर विचारलं होतं. आरंभी अर्थातच ‘सर्वांना सादर नमस्कार’. पाठशाळेत वंदनाशिवाय शंका विचारली की गुरुजी कान पिळत. इथे मंचाच्या व्यवस्थापकाने नमस्कारच उडवला आणि खाली लिहिलं, ‘काका, नमस्कार-चमत्कार नको. आधी शोधायचं ना, मग विचारायचं.’ प्रश्न बंद.

अरे, शोधलं होतं. उत्तर दुपारीच सापडलं होतं. मग विचारलं कशाला?

निवृत्तीनंतर दिवसचे दिवस कुणाशी बोलणं होत नाही. आजचा पहिला नमस्कार तोच होता. उद्या कुणाला काय विचारू, ही खरी काळजी आहे.