चार म्हणालो, सहा निघाल्या

हैदराबाद,
शनिवार

ती. उषाताईस,

युवराजचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे आता जिना चढू देतात का? भाऊजींना नवी कवळी बसली का (की अजून डबीतच विश्रांती घेते)? आम्ही खुशाल आहोत, म्हणजे ज्योती खुशाल आहे. मी तोंड लपवून आहे.

आमच्या शाळेने गणितासाठी डोळ्यांवर चढवायचे व्हीआरचे डबे आणले. ते लावले की घन, शंकू समोर तरंगतात. हातातल्या रिमोटने फिरवता येतात, कापताही येतात. मुलांना आकार मनातल्या मनात फिरवता यावेत, म्हणून हा खटाटोप. पालकसभेत ते दाखवायला मुख्याध्यापिका अपर्णाबाईंनी मला उभे केले (मीच पुढे पुढे केले होते, हे तू ओळखले असशीलच). मला दिसेल ते भिंतीवरच्या पडद्यावर सगळ्यांना दिसत होते. डबा चढवून मी घनाभोवती फेरी मारली आणि बराच वेळ भाषण केले. शेवटी सुलतान बाजारातले एक कापडवाले पालक अदबीने म्हणाले, "सर, हम लोगां इधर हैं." मी कपाटाला शिकवत होतो.

एवढ्यावर निभावले असते. पण मी जाहीर केले की घन कसाही कापा, काप चौकोनीच निघणार. कापला. पडद्यावर सहा बाजू. मी म्हणालो, यंत्र बिघडलंय. तेव्हा आठवीतली सायली उभी राहिली. "सर, सहा बरोबर आहेत. तुम्ही तिरपा कापलात, सहाही पृष्ठांना सुरी लागली." मी म्हणालो, "आगाऊपणा नको, बस खाली." ती बसली. तिच्या आईने पोरीच्या पाठीवर हात ठेवला (नेमका तेवढ्यात मी डबा काढला होता, म्हणून दिसले).

घरी येऊन भाजीच्या पनीरचा चौकोनी तुकडा कोपऱ्यावर उभा धरून मधोमध आडवा कापला. सहा बाजू. दुसरा कापला, सहाच. ज्योती म्हणाली, "पनीरला काय विचारता? पोरीला सांगा जाऊन." म्हणून काल भर वर्गात सायलीची माफी मागितली. ती हसून "चालतंय सर" म्हणाली. मन हलके झाले.

तुझा धाकटा,
युवराज

ता. क. उरलेल्या पनीरची भुर्जी बरी झाली.

ता. ता. क. ताई, माफीचे खोटे लिहिले. रोज ठरवून वर्गात जातो, फळा पुसतो आणि धडा सुरू करतो. सायली आता शेवटच्या बाकावर बसते, हात वर करत नाही. तू दोन दिवस ये. नामपल्ली स्टेशनवर घ्यायला मी येतो. तू फक्त वर्गाच्या दारात उभी राहा, म्हणजे मी बोलल्याशिवाय बाहेर पडणार नाही.